कार्न मोर जेरगची धार आणि तिच्यापुढचे पठार

स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर जाण्याचे दोन मार्ग मला पहिल्यापासून ठाऊक होते. एक ग्लेन नेव्हिसच्या दरीतून वर चढणारी मळलेली वाट, जिच्यावर उन्हाळ्यात दिवसभर माणसांची रांग असते. दुसरा उत्तरेकडचा, टॉरलंडीजवळच्या वाहनतळापासून सुरू होणारा. हा आधी शेजारच्या कार्न मोर जेरग या 1220 मीटर उंचीच्या शिखरावर जातो आणि तेथून विळ्यासारख्या वळलेल्या एका अरुंद धारेवरून बेन नेव्हिसला जाऊन मिळतो. मला दुसराच हवा होता. नाशिकमध्ये वाढल्यामुळे धार, सोंड, नाळ, घसारा हे शब्द मी शाळेच्या वयापासून पायांनी शिकले होते, आणि ग्लासगोत नोकरीनिमित्त स्थायिक झाल्यावरही नकाशावर कोठे जवळजवळ सरकलेल्या उंचीच्या रेषा दोन्ही बाजूंनी एकाच कण्याला भिडलेल्या दिसल्या की माझी नजर तेथे थांबत असे.

आकड्यांवरून मी जो अंदाज बांधला होता तो मात्र चुकीचा होता. बेन नेव्हिसची उंची 1345 मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा तो 301 मीटरने कमी भरतो. परंतु कळसूबाईचा पायथाच मुळात बराच उंचावर आहे, तर येथे चढाई जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून सुरू होते. त्याशिवाय उंचीपेक्षा अक्षांश महत्त्वाचा ठरतो. बेन नेव्हिसच्या माथ्यावर 1883 ते 1904 या काळात एक हवामान वेधशाळा चालवली जात होती. तेथे माणसे बाराही महिने राहून दिवसरात्र तासातासाला नोंदी घेत असत, आणि त्या नोंदींतून माथ्याचे वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली निघाले. हजार मीटरवरील हा डोंगर हवामानाच्या हिशेबाने वेगळ्याच प्रदेशात मोडतो, ही गोष्ट वाचून कळली असली तरी अंगाला लागायला मला एक सप्टेंबर आणि एक मे खर्ची घालावा लागला.

माझ्याबरोबर आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, चाळीस वर्षे हायलँड्सच्या डोंगरांत चाललेल्या, आणि बोलायला अतिशय मोजक्या. सप्टेंबरच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही कार्न मोर जेरगच्या अलीकडच्या उंचवट्यापर्यंत पोहोचलो होतो. हवामानाच्या पत्रकात ताशी 40 मैलांचे वारे सांगितले होते. झाडीत असताना तो आकडा कागदावरचाच राहिला, पण उघड्या माथ्यावर येताच प्रत्येक झोताबरोबर पाऊल ठरवलेल्या जागेऐवजी वीतभर बाजूला पडू लागले. बाईंनी दोनदा थांबून माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘आज धार नाही.’ मी वाद घातला नाही, तरी मन खट्टू झाले होते. उतरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : ‘समज, धार पार झाली. तू बेनच्या माथ्यावर आहेस आणि चहूकडे ढग आहे. मग काय करशील?’ मी म्हणाले, मळलेल्या वाटेने उतरेन. ‘ती तुला दिसणार नाही,’ त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. तोवर मी ज्या धारेची तयारी करत होते, ती या वाटचालीतली सर्वांत अवघड गोष्ट नव्हती, हे मला त्या उतारावर पहिल्यांदा समजले.

धारेवर वाट चुकता येत नाही. डावीकडे दरी, उजवीकडे दरी आणि मधून एकच पुढे जाणारी रेघ. भीती वाटते, पण संभ्रम पडत नाही. पठारावर नेमके उलटे होते. बेन नेव्हिसचा माथा रुंद, दगडगोट्यांनी भरलेला आणि साधारण सपाट आहे. त्याच्या उत्तर कडेला सुमारे 700 मीटर उंचीचे कडे तुटलेले आहेत, आणि त्या कड्यांत वरपर्यंत घुसलेल्या घळींची तोंडे थेट माथ्यावर उघडतात. त्यांतील गार्डिलू घळ शिखराच्या अगदी जवळ आहे. एडिंबरोत पूर्वी खिडकीतून सांडपाणी रस्त्यावर ओतण्यापूर्वी जी हाळी देत असत, तिच्यावरून हे नाव पडले आहे, कारण वेधशाळेतील माणसे आपला कचरा या घळीत टाकत. या घळीमुळे माथ्यावरून थेट पश्चिमेकडे निघून चालत नाही, आणि नैर्ऋत्येकडे जास्त सरकावे तर पुढे फाइव्ह फिंगर घळीचा सापळा आहे. यावर येथील गिर्यारोहकांनी जो तोडगा काढला आहे तो पाठच करून ठेवतात : शिखरावरील त्रिकोणमितीच्या, म्हणजे भूमापनासाठी बांधलेल्या, खांबापासून 231 अंशांच्या दिशेने 150 मीटर जायचे, आणि तेथून 281 अंशांवर वळून नागमोडी वाटेच्या उतारापर्यंत जायचे. हे कोन नकाशाच्या उत्तरेवरून मोजलेले असल्यामुळे होकायंत्र लावताना त्या वर्षीचा चुंबकीय फरक, म्हणजे सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतले अंतर, हिशेबात धरावा लागतो.

तो हिवाळा मी ग्लासगोच्या उत्तरेला असलेल्या कॅम्प्सी टेकड्यांवर होकायंत्र घेऊन काढला. सह्याद्रीत मी कधीच होकायंत्र वापरले नव्हते. तेथे वाट चुकली तर खाली कोठेतरी वाडी असते, गुरे घेऊन निघालेले कोणी भेटते, दगडांची एखादी लगोरी दिसते. येथे माणूस भेटेलच याची खात्री नसते आणि धुके उतरले की ओळखीची टेकडीही अनोळखी होते. त्यामुळे अंतर डोळ्यांनी न मोजता पायांनी मोजायला शिकावे लागले. घराजवळच्या मैदानावर शंभर मीटरची दोरी टाकून मी पुनःपुन्हा चालले, प्रत्येक डाव्या पावलाला एक असे मोजले, आणि माझा आकडा 68 आला. म्हणजे 150 मीटरला 102. हा आकडा मी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवला. वेळेचा अंदाज घ्यायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली सांगितलेला नियम वापरला : सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक दहा मीटरला एक मिनिट अधिक. आमचा फेरा सुमारे सतरा किलोमीटरचा आणि दीड हजार मीटर चढाचा होता. नियमाने तो सहा तासांचा निघत होता, बाईंनी बारा तास धरायला सांगितले, आणि बाराच लागले.

त्याच महिन्यांत नकाशावरची गेलिक, म्हणजे हायलँड्सच्या जुन्या भाषेतली, नावेही मला कळू लागली, आणि ती कळल्यावर नकाशा वाचणे निराळे झाले. कार्न म्हणजे दगडांची रास, मोर म्हणजे मोठा, जेरग म्हणजे लाल. कोरी म्हणजे मूळ अर्थाने कढई, आणि हिमनदीने कोरलेल्या डोंगराच्या पोटातल्या खोलगट जागेला याहून चांगले नाव नाही. ज्या ओढ्याच्या काठाने आम्ही चढणार होतो त्याच्या नावाचा अर्थ गिरणीचा ओढा असा आहे. आपल्याकडे साल्हेर, तैलबैला, नाणेघाट ही नावे जशी नुसत्या उच्चाराने रूप डोळ्यांपुढे उभी करतात, तशी ही नावेही त्यांच्या लोकांसाठी करत असणार.

मेच्या अखेरीस पत्रकात हलका वारा, सकाळी ढगांवर निघालेली शिखरे आणि दुपारनंतर वाढणारे ढग असा अंदाज आला. या दिवसांत येथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तरीही बाईंनी पहाटे पाचची वेळ ठरवली. पाठपिशवीत दोघींची पावसाळी वस्त्रे, हातमोज्यांचे दोन जोड, थर्मासमध्ये चहा, शिट्टी, डोक्यावरचा दिवा, आणीबाणीत आत शिरून बसायची पिशवी आणि बर्फात रोवून आधार घ्यायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स होती. मे महिन्यात आइस अ‍ॅक्स कशाला, असे मला वाटले होते. खाली बागांमधून फुले फुललेली असली तरी माथ्यावरचा बर्फ त्या वेळी वितळलेला नसतो.

झाडीतली पहिली वाट सोपी आहे. ओढ्याजवळ आल्यावर आम्ही सरळ जाणारी वाट सोडून डावीकडे उताराला लागलो, आणि तेथून पुढचे दोन तास ओल्या गवतातून आणि हेदरच्या झुडपांतून एकसारखा खडा चढ होता. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तो संपवावा लागतो. वर येता येता उजवीकडे खाली, कड्यांच्या पायथ्याशी, दगडी भिंतींची एक लहानशी झोपडी दिसू लागली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या चार्ल्स इंगलिस क्लार्क या तरुण गिर्यारोहकाच्या स्मरणार्थ त्याच्या आईवडिलांनी ती बांधवली आणि 1929 साली ती गिर्यारोहकांसाठी उघडली. तिच्याकडे पाहताना मला नेहमी वाटते की मुलाचे स्मारक म्हणून त्यांनी पुतळा न उभारता, त्याच्यासारख्यांना रात्री आसरा मिळावा अशी जागा उभारली, हे फार थोर मनाचे काम आहे.

पायांखालचा दगड लालसर होऊ लागला तेव्हा शिखर जवळ आल्याचे कळले. कार्न मोर जेरग हा गुलाबी ग्रॅनाइटचा डोंगर आहे, आणि समोरचा बेन नेव्हिस काळपट ज्वालामुखीय खडकाचा. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी होता. त्याच्या लाव्हाचा एक प्रचंड ठोकळा खालच्या वितळलेल्या ग्रॅनाइटमध्ये खचून बसला, आणि भोवतीचे सगळे झिजून गेल्यावर तो बुडालेला ठोकळाच आज सर्वांत उंच उरला आहे. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो थरांवर थर आडवे पसरत गेलेला आणि वयाने याच्या मानाने पुष्कळच तरुण. लाल आणि काळ्याच्या सीमेवर उभे राहून समोरच्या उत्तर कड्याकडे पाहिले. टॉवर रिज नावाची त्याची सोंड पुरी उंची व्यापून वर गेलेली होती आणि घळींमध्ये बर्फ पांढऱ्या पट्ट्यांसारखा अडकून राहिला होता. बेन नेव्हिस खरा कसा आहे ते मळलेल्या वाटेने जाणाऱ्याला कधीच दिसत नाही, आणि मला ही त्या वाटेची मोठीच उणीव वाटते.

सव्वानऊला आम्ही शिखरावर होतो. ऊन पाठीमागून येत होते आणि उजवीकडच्या कोरीत ढग उकळत्या दुधासारखा वर येऊन काठाशी थांबला होता. धारेवर वीसेक पावले गेलो असू, तोच बाईंनी माझ्या दंडाला हात लावून खाली बोट दाखवले. ढगाच्या पांढऱ्या पडद्यावर माझी सावली पडली होती आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचे लहान, पूर्ण गोल कडे होते. मी नकळत मराठीत म्हणाले, ‘इंद्रवज्र!’ हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या अखेरीस जे पाहण्यासाठी माणसे तासन्‌तास बसून राहतात, ज्यासाठी मी चार वेळा गेले आणि चारही वेळा रित्या डोळ्यांनी परतले, ते मला येथे न मागता दिसत होते. मी हात वर केला, सावलीनेही केला. बाईंच्या डोक्याभोवती त्यांना त्यांचे कडे दिसत होते आणि मला माझे, कारण हे कडे ज्याचे त्यालाच दिसते. याच डोंगरावरच्या वेधशाळेत 1894 च्या सप्टेंबरमध्ये दोन आठवडे राहिलेल्या सी. टी. आर. विल्सन यांनी ही कडी पाहिली आणि प्रयोगशाळेत कृत्रिम ढग करून ती पुन्हा घडवता येतील का, या विचाराला ते लागले. त्यातून जे मेघकोष्ठ तयार झाले त्यात अणूंच्या आतल्या कणांचे माग दिसू लागले आणि 1927 साली विल्सन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमचे कडे तीन-चार मिनिटे टिकले असेल.

धार किलोमीटरभराहून थोडी अधिक लांब आहे आणि खिंडीपर्यंत ती सुमारे 160 मीटर उतरते. तिचा माथा म्हणजे एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे ठोकळे आहेत, कोठे टेबलाएवढे, कोठे बैलगाडीएवढे. कोरड्या ग्रॅनाइटची पकड मला फार आवडली. जाडसर मिठासारखे त्याचे कण तळव्याला टोचतात आणि बूट त्यावर जणू चिकटतो. हाताला खोबणी मुबलक आहेत. दृष्टिभय मात्र खरे आहे. एका ठिकाणी दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीवरून पाय टाकताना उजव्या बुटाच्या पुढे काहीच नव्हते, खूप खाली कोरीचा तळ आणि त्यातला बर्फाचा तुकडा होता. बाईंनी तेथे मला थांबवले नाही की घाईही केली नाही. त्यांनी फक्त दगडावरच्या ओरखड्यांकडे लक्ष वेधले. हिवाळ्यात बुटांना क्रॅम्पॉन लावून जाणाऱ्यांच्या लोखंडी दात्यांनी खडकावर पांढरट रेघा उमटलेल्या होत्या, आणि जेथे त्या दाट होत्या तेथून माणसे गेली होती हे उघड होते. सह्याद्रीतल्या झिजलेल्या पावठ्यांवरून पाय टाकण्याची सवय असलेल्या मला हे लगेच उमगले. पुढचा तासभर मी त्या रेघा वाचत चालले, आणि त्या तासात मला भीती वाटली असली तरी कोठे जायचे हा प्रश्न एकदाही पडला नाही. काही ठिकाणी माथ्याच्या किंचित खालून आडवी वाट जाते. ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही, वारा असेल तर तीच घ्यावी.

खिंडीत पोहोचेपर्यंत ढगाने काठ ओलांडला होता. तेथून बेन नेव्हिसच्या माथ्यापर्यंत सुमारे 290 मीटरची चढाई दगडगोट्यांच्या उतारावरून आहे, आणि ती करत असतानाच आधी समोरचे कडे, मग मागची धार आणि शेवटी वीस पावलांवरचे दगडही दिसेनासे झाले. उतार हळूहळू मंदावत जाऊन संपला, एवढ्यावरून माथा आल्याचे कळले. पायाखाली भुसभुशीत, करडा पडलेला बर्फ होता. वेधशाळेचे भग्न अवशेष आणि त्यांच्यावर उभारलेला आणीबाणीचा निवारा अगदी जवळ गेल्यावर दिसला. मळलेल्या वाटेने आलेली पंधरा-वीस माणसे खांबाभोवती छायाचित्रे काढत होती. साडेबारा वाजले होते. बर्फावर त्यांच्या पावलांचे ठसे चारी दिशांना गेलेले होते, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे ठशांवर विसंबता येत नव्हते.

बाई म्हणाल्या, ‘आता तू ने.’ मी खांबाला पाठ लावली, होकायंत्र लावले, आणि त्या जागेवर उभ्या असताना त्यांना दिसेल इतकेच पुढे गेले. त्यांनी माझी दिशा हाताने डावी-उजवी करून सुधारली आणि मग त्या माझ्यापर्यंत आल्या. असे टप्प्याटप्प्याने जात मी मोठ्याने मोजत होते. जमीन आणि आकाश यांचा रंग एकच झाला होता आणि आपण चढतो आहोत की उतरतो, हेही पायांना नीट सांगता येत नव्हते. शंभर, एकशे एक, एकशे दोन. मी थांबले आणि होकायंत्राची चकती 281 वर फिरवू लागले.

‘बर्फात तुझे पाऊल मैदानावर पडते तेवढेच पडते का?’ त्यांनी विचारले.

मी खाली पाहिले. मागे उमटलेले ठसे एकमेकांच्या जवळ होते, प्रत्येक पाऊल थोडेसे मागे घसरलेले. मैदानावरचा आकडा येथे चालणार नव्हता. मी तेथेच वळले असते तर 150 मीटर पुरे होण्याआधी वळले असते, आणि उजव्या हाताला, गार्डिलू घळीच्या बाजूला सरकले असते. त्या घळींच्या तोंडाशी वसंत ऋतूच्या अखेरीपर्यंत बर्फाची वळचण पुढे आलेली असते, आणि वरून पाहताना ती भक्कम जमिनीसारखीच दिसते. मी हिशेब केला आणि आणखी तेरा पावले मोजायचे ठरवले. अकराव्याला ढगातून एक काळसर आकार पुढे आला. पुरुषभर उंचीची, हातांनी नीट रचलेली दगडांची रास. तिला मी तळहात लावला. ओला, थंड दगड होता आणि माझ्या हातमोज्यावर त्याची माती लागली. ती रास बरोबर जागी होती.

तेथून 281 अंशांवर पुढच्या राशी एकामागून एक येत गेल्या. फाइव्ह फिंगर घळीची बाजू डावीकडे राखून आम्ही नागमोडी वाटेला लागलो आणि अंदाजे हजार मीटरच्या खाली ढगाच्या तळातून बाहेर पडलो. एकदम खालची दरी, हिरवी कुरणे आणि समुद्राची खाडी दिसली, तेव्हा माझे गुडघे थरथरत असल्याचे मला जाणवले. धारेवर ते थरथरले नव्हते. वाटेत वर जाणाऱ्या एका तरुण जोडप्याला बाईंनी थांबवून माथ्यावरच्या दृश्यतेबद्दल आणि बर्फाबद्दल सांगितले. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, केवळ भ्रमणध्वनी होता. बाईंनी आपला नकाशा उलगडून तो पहिला कोन आणि दुसरा कोन त्यांना दाखवला, आणि ते दोघे थोडा वेळ आपसांत बोलून आमच्याबरोबर खाली वळले. येथील बचाव पथकांमध्ये सगळे स्वयंसेवक असतात, नोकरीधंद्यातून उठून येतात, आणि बाई स्वतः तरुणपणी काही वर्षे अशा पथकात होत्या, हे मला त्या दिवशी त्या जोडप्याशी झालेल्या बोलण्यातून प्रथम कळले.

अर्ध्या वाटेवरच्या तळ्यापाशी आम्ही मळलेली वाट सोडली आणि दलदलीतून आडवे कापत पुन्हा ओढ्याकडे उतरलो. तो तुकडा नकाशावर लहान दिसतो, पण प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुतत होते. एका उंचवट्यावर थर्मासमधला उरलेला चहा वाटून घेतला. वर पाहिले तर कार्न मोर जेरग उन्हात लालसर झाला होता आणि संपूर्ण धार, तिचा प्रत्येक दात, खिंडीतला खोलगट भागही, स्पष्ट दिसत होती. बेनचा माथा अजून ढगातच होता. मी नकाशाच्या कडेला लिहिलेला 68 हा आकडा न खोडता त्याच्या शेजारी ‘ओल्या बर्फात 75’ असे लिहिले, पेन्सिल बाईंना परत दिली, आणि आम्ही बुटांतले पाणी काढून वाहनतळाकडे निघालो.